नॉर्मलरावाचा कागद

ती ट्यूबलाइट बंद कर आधी, डोळ्यांवर येते. टेबलावरचा छोटा दिवा पुरे आहे. आणि भाचेबुवा, तो मोबाइल जरा पालथा घाला. मामा रोज रोज गोष्टी सांगत नाही.

जेवताना काय म्हणालीस गं तू? काल शिबिरात तासाभरात तीस ईसीजी काढले. तुझ्या बापाने ते मला दोनदा ऐकवलं. मी मान डोलावली आणि भात कालवला. तीस वर्षं मी हीच मशिनं उघडून बसतोय, बाळ. माणसाला झोपवायचं, छाती पुसायची, जेल लावायचं, हातापायांना चार चिमटे, छातीवर चिकटणारे सहा रबरी बल्ब, तेही मोजून बरगड्यांच्या फटीत. मग त्याला हलू नको म्हणायचं, आणि तो हमखास हलतो. हे दोन मिनिटांत होत नाही. कसं केलंस ते मी विचारत नाही. खाई त्याला खवखवे.

आज सकाळी माझा काढलास तो मात्र नीट काढलास. जिना चढताना दम लागतो म्हणून तुझ्या काकूने मला ढकललं तुझ्याकडे. अकरा वाजता तू स्वतः सगळं लावलंस, कागद बघितलास आणि 'काका, नॉर्मल' म्हणालीस. काकूने सुटकेचा श्वास सोडला. बरं झालं.

आता ऐक. ही माझ्या ओळखीच्या एका माणसाची गोष्ट आहे. खरी आहे. तुला ह्याच धंद्यात जायचंय म्हणून सांगतो, नाहीतर आजवर कुणाला सांगितली नाही.

चाळीस खाटांच्या एका खासगी दवाखान्यात ईसीजी काढणारा एक टेक्निशियन होता. त्याला सगळे नॉर्मलराव म्हणायचे. कारण त्याच्या हातून निघालेला कागद बहुतेक वेळा नॉर्मलच असायचा. माणूस विनोदी, हात सफाईचे, कपडे कडक इस्त्रीचे. वीस वर्षं तिथेच होता. नवी नर्स आली की तिला शिकवायचा, नवा डॉक्टर आला की त्यालाही आडून शिकवायचा. त्याचं एक ठरलेलं वाक्य होतं: 'माणूस खोटं बोलतो, कागद बोलत नाही.' कुणी म्हातारी छातीत कळ येते म्हणून कण्हायला लागली, की हा कागद तिच्या तोंडासमोर धरून हेच म्हणायचा. आम्ही हसायचो. मीसुद्धा हसायचो.

भाचेबुवा, तुम्हाला कळावं म्हणून थोडक्यात सांगतो. कागदावर प्रत्येक ठोक्याला आधी एक छोटी टेकडी येते, मग एक उंच सुळका, मग एक मोठी गोलसर टेकडी. एवढंच. सुळक्यानंतरची रेघ जमिनीवरून वर उचलली गेली, तर बहुतेक वेळा झटका चालू आहे असं समजायचं. तीच रेघ खाली लोंबली, तर हृदयाला रक्त कमी पडत असेल. शेवटची टेकडी उलटी झाली तरी शंका घ्यायची. सुळक्याच्या आधी खोल खड्डा असेल, तर झटका येऊन गेलाय, तेवढा स्नायू मेलाय. पहिली टेकडी गायब आणि सुळके वेडेवाकडे पळतायत, तर वरचे कप्पे नुसते थरथरतायत. जुन्या ब्लड प्रेशरवाल्यांचे सुळके ताडमाड. बरोबर ना गं? परीक्षेत लिही असं, पास होशील.

नॉर्मलरावाच्या स्वतःच्या हृदयालाही एक खूण होती. छातीवरच्या दुसऱ्या बल्बची जी रेघ असते, व्ही-टू म्हणता ना तुम्ही, तीत सुळका उतरताना एक बारीक खाच यायची. कुणाकुणाला असते तशी, निरुपद्रवी. त्याचे कागद मी मशीन दुरुस्त करून झालं की तपासायला काढायचो, म्हणून मला ती पाठ झाली होती.

तर एका डिसेंबरात त्याच्याकडे एका कंपनीचं काम आलं. मोबाइलचे टॉवर उभे करणारी कंपनी. वर चढणाऱ्या बासष्ट जणांची तपासणी, सगळी एका सकाळी. पुढच्या आठवड्यात त्याच्या मशीनमध्ये कागद अडकायला लागला म्हणून मी गेलो. मशीन उघडलं, चालू केलं, आणि सवयीने आतली मेमरी बघितली. काढलेला प्रत्येक ईसीजी आत साठतो, वेळेसकट. शिबिराच्या आदल्या रात्री, नऊ बारा ते नऊ एकोणपन्नास, सदतीस मिनिटांत बासष्ट नोंदी. मी एक उघडली. दुसरी उघडली. दहावी उघडली. प्रत्येकीत व्ही-टूमध्ये तीच खाच.

समजलं? आदल्या रात्री दार लावून गडी स्वतःच खाटेवर झोपला, स्वतःच्या छातीवर बल्ब लावले आणि अंगठ्याने बासष्ट वेळा बटण दाबलं. सकाळी माणसं आली तेव्हा त्यांना झोपवून नुसते हातापायांना चिमटे लावले, मशीनचा आवाज केला, आणि आधीच निघालेल्या कागदावर पेनने नाव टाकून हातात दिला. बासष्ट छात्या पुसायला नकोत, जेल नको, केसाळ छातीवरून घसरणारे बल्ब नकोत.

मी त्याला म्हटलं, अहो हे काय. त्याने दार लोटून घेतलं, चहा मागवला आणि म्हणाला, "माझ्या एका हृदयात बासष्ट जण मावतात. मन मोठं लागतं त्याला."

मी हसलो. ते ध्यानात ठेवा, मी हसलो.

मग तो म्हणाला, मेमरी भरत आलीये, साफ करून टाक. मी दोन बटणं दाबली आणि साफ केली. चहा चांगला होता.

त्या बासष्टांतला एक टॉवरवर मेला. शिबिराला नऊ दिवस झाले होते. बेचाळीस वर्षांचा माणूस. साठ मीटरवर चढला, पट्टा अडकवला आणि तिथेच गेला. पट्टा मजबूत होता. म्हणून तो पडला नाही. सकाळी साडेअकरापासून दोनपर्यंत वरच लटकत होता, खाली माणसं गोळा झाली होती, आणि शाळा सुटल्यावर त्याचा मुलगाही तिथून गेला. त्याने वर बघितलं. ओळखलं नाही म्हणे. आधी.

चौथ्या दिवशी त्याची बायको दवाखान्यात आली. मी तिथे काउंटरशेजारी मशीनचा रोलर घासत बसलो होतो, म्हणून सगळं ऐकलं. बाई रडत नव्हती. हातात तो कागद, नीट चार घड्या घातलेला. तिने नॉर्मलरावाला विचारलं की हा तुम्हीच काढला ना. तो हो म्हणाला. ती म्हणाली, शिबिराला जाताना हे सांगून गेले होते की जिना चढलं की छातीवर कुणी बसल्यासारखं होतं, डॉक्टरांना सांगतो. सांगितलं का त्यांनी? नॉर्मलराव म्हणाला, सगळेच काहीतरी सांगतात.

मग ती म्हणाली, "माझ्या वडिलांना हृदयाचा आजार होता. महिन्याला ईसीजी व्हायचा. दर वेळी छातीवर ते सहा गोल लाल वण उठायचे, दोन दोन दिवस जात नसत. त्या दिवशी हे घरी आले, मी पाठ चोळून द्यायला गेले. ह्यांच्या छातीवर एक वण नव्हता."

काउंटरवरची मुलगी लिहायची थांबली. मी रोलरकडे बघत राहिलो.

बल्ब हवेने कातडी ओढून धरतो, गं, तुला माहीत आहे. वण उठतोच. गोऱ्याला लाल, काळ्याला काळसर, पण उठतो. डॉक्टरांना सुचलं नसतं ते त्या बाईला पाठ चोळताना दिसलं होतं.

नॉर्मलरावाच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. त्याने कागद उलगडला, दिव्यासमोर धरला आणि शांतपणे सांगितलं की हे हृदय ठणठणीत आहे. आणि वर म्हणाला, "माणूस खोटं बोलतो बाई, कागद बोलत नाही. चढण्याआधी त्यांनी काही घेतलं होतं का, ते घरात शोधा."

बाई माझ्याकडे वळली. माझ्या मांडीवर मशीन होतं ना. म्हणाली, "तुम्ही मशीनचे का? ह्याच्यात सगळं साठून राहतं म्हणतात. बघता का जरा?"

मी बघितलं. बटण दाबलं, पडदा तिच्याकडे वळवला आणि म्हटलं, त्या आठवड्याची मेमरी रिकामी आहे.

खरं तेच सांगितलं की नाही? शब्द न् शब्द खरा.

तिने नॉर्मलरावाच्या हातातून कागद घेतला. पुन्हा चार घड्या करून तो मशीनवर ठेवला, माझ्या हाताजवळ. आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघितलं आणि म्हणाली, "असू दे तुमच्याकडेच. लागेल."

शिव्या नाहीत, शाप नाही. भाजीवालीने सुटे पैसे परत करावेत तसं म्हणाली आणि गेली. कंपनीने लिहून टाकलं की हृदय उत्तम होतं, म्हणजे दारू पिऊन चढला असणार. नॉर्मलरावाने खाली सही केली. मुलाला शाळेत दारुड्याचा पोरगा म्हणायला लागले. पुढे त्यांनी गाव सोडलं, कुठे गेले कुणास ठाऊक. नॉर्मलरावाने तो कागद टेबलाच्या वरच्या खणात टाकला आणि विसरला. मी मात्र विसरलो नव्हतो. पण माझे हात दगडाखाली होते, आणि दगडही मीच ठेवलेला.

आता ती रात्र.

नोव्हेंबरची नऊ तारीख संपून दहा लागली होती. सोमवार संपला, मंगळवार लागला. एक वाजून दहा मिनिटांनी मला दवाखान्यातून फोन आला. रात्रपाळीची डॉक्टर होती, नवीन पोरगी, तुझ्याहून चारेक वर्षांनी मोठी. म्हणाली, ईसीजीचं मशीन बिघडलंय, लगेच या. मी म्हटलं, सकाळी येतो. ती म्हणाली, नॉर्मलरावच सांगतायत तुम्हाला बोलवायला. खाटेवर तेच आहेत.

मी स्कूटर काढली. डिकीत एक जादा मशीन होतंच. रस्ता मोकळा, दहा मिनिटांत पोचलो. बाहेरच्या बाकावर त्याची बायको पर्स मांडीवर घेऊन बसली होती. मला बघून म्हणाली, काही नाही हो, कागद नॉर्मल आला म्हणतात, गॅस असेल. घरी कधी सोडतील तेवढं विचारा.

आत गेलो. नॉर्मलराव खाटेवर अर्धवट बसलेला. इस्त्रीचा सदरा घामाने अंगाला चिकटलेला. ओठ राखेच्या रंगाचे. डावा हात उजव्या हाताने धरून ठेवला होता, जसा कुणाचा तरी दुसऱ्याचा हात सांभाळायला दिलाय. काय होतंय ते सांगायला डॉक्टर लागत नव्हता.

आणि कागद? डॉक्टरीणबाईंनी पाच काढले होते. पाचही माझ्या हातात दिले. टेकडी, सुळका, टेकडी. रेघ कुठे उचललेली नाही, कुठे लोंबलेली नाही. मिनिटाला बहात्तर ठोके, घड्याळासारखे. व्ही-टूमध्ये खाच.

पोरगी हुशार होती. ती म्हणाली, पहिला कागद साफ आला म्हणून झटका नाही असं नसतं, म्हणून मी पुन्हा पुन्हा काढतेय. पण नाडी बघा. मी मनगट धरलं. नाडी दोऱ्यासारखी, पळत होती, मध्येच चुकत होती. ती म्हणाली, मी एकशे तीस मोजली. कागद बहात्तर म्हणतोय.

अडचण काय होती ते समजून घ्या. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन त्यांच्या कपाटात होतं. पण ते कागदावर रेघ उचललेली दिसल्याशिवाय देता येत नाही, उगाच दिलं तर माणूस रक्तस्रावाने जातो. रक्ताची तपासणी सकाळी उघडणाऱ्या लॅबवर. मोठं हॉस्पिटल दोन तासांवर. ठोके दाखवणारा एकच मॉनिटर होता दवाखान्यात, आणि तो आठ दिवसांपासून माझ्या टेबलावर उघडा पडला होता. नॉर्मलरावाचा जीव त्या कागदावर अडकला होता.

ती मोठ्या डॉक्टरांना फोन करत होती. त्यांनी कागदाचा फोटो मागवला, बघितला आणि उंटावरून शेळ्या हाकल्या. मला फोनमधून ऐकू येत होतं. ते म्हणाले, नॉर्मल आहे. त्याला गॅसची गोळी दे. घाबरला की माणूस काहीही सांगतो. माणूस खोटं बोलतो, कागद बोलत नाही.

फोन बंद झाला.

नॉर्मलरावानेही ऐकलं होतं. तो त्या पोरीचा हात धरून म्हणाला, "कागद बघू नका. माझ्याकडे बघा."

हे तो म्हणाला. वीस वर्षांत पहिल्यांदा.

मी मशीन तपासायला घेतलं. वायरी बघितल्या, चिमटे बघितले. मग सदरा काढून शेजारच्या खाटेवर झोपलो आणि सिस्टरला सगळं मला लावायला सांगितलं. माझा कागद माझाच आला. अठ्ठ्याऐंशी ठोके, खाच नाही, हात थरथरत होता तेवढी रेघ थरथरलेली. मशीन चोख होतं. पुन्हा त्याला लावलं. बहात्तर. खाच.

डिकीतलं दुसरं मशीन आणलं. वेगळं मशीन, वेगळ्या वायरी, वेगळा रोल. त्याला लावलं.

बहात्तर. खाच.

तो माझ्याकडे बघत होता. माझा चेहरा वाचत होता. म्हणाला, "खण उघड."

मी खण उघडला. वरच चार घड्यांचा कागद. अकरा महिने झाले होते. वर पेनने त्या टॉवरवाल्याचं नाव. मी तो आत्ताच्या कागदावर ठेवला आणि दोन्ही दिव्यासमोर धरले.

ठोक्यावर ठोका बसला. केसाइतकाही फरक नाही. दोन नव्हतेच ते. एकच होता.

"फाड तो," नॉर्मलराव म्हणाला.

मी फाडला. आधी दोन तुकडे, मग चार, मग आठ. पुन्हा बटण दाबलं.

बहात्तर. खाच.

मग नुसता त्याचा श्वास... आणि मशीनचा आवाज. डॉक्टरीणबाईंनी ते इंजेक्शन हातात घेतलं होतं, ठेवलं, पुन्हा घेतलं. तिने बोलावलेली अँब्युलन्स निघाली होती मोठ्या हॉस्पिटलातून. अजून दीड तास. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती कागद बघत होती. कागदच बघत होती. सगळे कागदच बघत होतो.

दोन वाजून सत्तेचाळीस मिनिटांनी त्याची मान पडली.

तिने नाडी बघितली. मनगटाची. मग मानेची. माझ्याकडे बघितलं. मग छाती दाबायला लागली. जोरात. खाट हलत होती.

मशीन चालू होतं. कागद येत होता.

तुला माहीत आहे ना गं, माणूस नुसता खोकला तरी रेघ वेडीवाकडी होते? ती पोरगी अख्ख्या अंगाचा भार टाकून त्याची छाती दाबत होती. बरगडी मोडल्याचा आवाज मी ऐकला.

रेघ हलली नाही.

टेकडी. सुळका. टेकडी.

मी भिंतीतला प्लग काढला. मशीन बॅटरीवर गेलं. मी ते पालथं केलं, झाकण उघडलं, बॅटरी उपसली. बॅटरी माझ्या हातात होती. ह्या हातात.

कागद येत राहिला. वीतभर... आणखी वीतभर.

मग थांबला.

सिस्टर कोपऱ्यात जाऊन उभी राहिली. डॉक्टरीणबाईंनी हात थांबवले. बाहेरून बायकोचा आवाज आला, "नॉर्मल आहे तर आत कशाला ठेवलंय हो एवढा वेळ?"

...

पुढचं सांगतो ते जास्त वाईट आहे.

तिथे नियम होता. मृत्यू जाहीर करायचा तर सपाट रेघेचा कागद केसपेपरला जोडायचा. डॉक्टरीणबाईंनी माझं दुसरं मशीन लावलं. बहात्तर. अर्ध्या तासाने पुन्हा लावलं. बहात्तर. पहाटे चार वाजता तो गार पडला होता, बोटं वळत नव्हती, आणि कागद ठणठणीत होता. त्या पोरीला सही करता येईना. त्याच्या बायकोला आत घेता येईना. मोठे डॉक्टर फोनवर म्हणाले, कागद नॉर्मल असेल तर तो मेला कसा?

शेवटी मी तिला म्हटलं, तुम्ही पाच मिनिटं बाहेर जा. मी सगळे चिमटे आणि बल्ब एकमेकांना जोडून टेबलावर ठेवले. माणसाला नाही, टेबलावर. बटण दाबलं. सुंदर सपाट रेघ आली. त्यावर पेनने नॉर्मलरावाचं नाव टाकलं आणि तिच्या हातात दिला. तिने विचारलं नाही. सही केली.

म्हणजे त्याच्या आयुष्यातला शेवटचा कागदही खोटाच. आणि तो मी काढला.

सदरा घालायला म्हणून मी आणि सिस्टरने त्याला उचललं. तेव्हा तिने मला छाती दाखवली. त्या रात्री नऊ वेळा तरी बल्ब लावले असतील, काही तर तो जिवंत असताना पाऊण पाऊण तास लावलेले. छाती दाबून दाबून मध्ये निळी पडली होती. पण वण नव्हता. सहांतला एकही नाही. मी शेजारच्या खाटेवर एकदाच लावून घेतले होते, तर माझ्या छातीवर सहाच्या सहा तीन दिवस होते. त्याची कातडी कोरी.

ती डॉक्टरीणबाई महिन्याभरात नोकरी सोडून गेली. दवाखान्यात अजूनही म्हणतात की मशीनमध्ये बिघाड होता, मेकॅनिकने वेळेवर दुरुस्त केलं नाही. म्हणू देत. मी कधी खोडून काढलं नाही. त्या टॉवरवाल्याच्या बायकोला शोधून सांगायला हवं होतं, तेही केलं नाही. आज जाऊ, उद्या जाऊ म्हणत बारा वर्षं गेली. तिचा मुलगा आता बाप्या झाला असेल, आणि अजून बापाला दारुडा समजत असेल. मला लाज वाटते, पोरांनो. लाज वाटते, आणि भीतीही. दोन्ही एकाच ठिकाणी वाटतात, इथे, मधोमध, जिना चढलं की.

भाचेबुवा हसतायत. मामा म्हातारा झाला, नाही का? हसा.

तू मात्र हसत नाहीयेस गं. पर्समधून काय काढलंस? माझा सकाळचा कागद? बघ, बघ. दिव्याजवळ धर. सकाळी घाईत नुसतं वरचं छापील वाक्य वाचलंस तू, मी बघत होतो. आता छातीवरच्या दुसऱ्या बल्बची रेघ बघ.

...

नको सांगूस. मला तिथेच दिसलं होतं. तू कागद फाडून घेतलास ना, तेव्हाच.

चार मजल्यांखाली रिक्षा उभी असते, माहीत आहे मला. जाऊ हॉस्पिटलात. तिथेही आधी कागदच काढतील.

त्याआधी एक काम कर. तुझा काही दोष नाही, तू सहाही नीट लावले होतेस, मी मोजले होते. थोडे घट्टच लावलेस, चिमटलं मला. आज सकाळी अकरा वाजता. आता किती वाजले, पावणेदहा? अजून बारा तासही झाले नाहीत.

मी सदऱ्याची बटणं काढतो. मोबाइलचा उजेड धर इकडे.

मोज.